धर्मसभेस निवडून गेलेला प्रतिनिधि

(महोत्सवाच्या सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभेपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या सप्ताहांत आपण मागील पिढ्यांची आठवण पुष्कळ केली. देऊळ कोणीं बांधलें, दगड कोठून आणले, दुष्काळांत कोणीं कोणास पोसलें, हें सर्व जाणत्या माणसांनीं आपणांस सांगितलें. मजकडे आलेला विषय मात्र पुढचा आहे. धर्मप्रांताच्या सभेस आपल्या धर्मग्रामांतून दोन जण निवडून पाठवावयाचे आहेत, आणि अशा सभांतूनच पुढें राष्ट्रीय सभांस माणसें जातात. निवडून गेलेल्या माणसानें तेथें काय करावयाचें असतें, आणि ज्यांनीं त्यास पाठविलें त्यांनीं काय करावयाचें असतें, याविषयीं चार शब्द बोलावे अशी फादरांची आज्ञा झाली. मी शाळेंत मुलांस इतिहास शिकविलेला मनुष्य. म्हणून उपदेशापेक्षां घडलेल्या गोष्टीच अधिक सांगेन.

प्रारंभीं एका शब्दाकडे आपलें लक्ष वेधतों. आपल्या जुन्या नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत केंदळ या गांवीं १९०३ सालीं एका जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं मराठी मासिक काढलें आणि त्याचें नांव "निरोप्या" ठेविलें. हे फादर हेन्री डोरिंग. पुढें ते पुण्याचे बिशप झाले. परक्या देशांतून आलेल्या माणसास हा घरगुती शब्द कसा सांपडला याचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. निरोप्या म्हणजे निरोप पोंचविणारा. आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सभेस निवडून गेलेला मनुष्यहि निरोप्याच होय: आम्हीं सांगावें, त्यानें तेथें जाऊन तेवढेंच बोलावें, आणि परत यावें. ही समजूत अर्धी खरी आहे. अर्धीच कां, तें पाहूं.

सोयरीक जमविण्यास घरांतील वडील माणूस जातो, तेव्हां तो घरच्यांचें मत बरोबर घेऊन जातो. मानपान, खर्च, मुलीचें शिक्षण, सर्व त्यास सांगून ठेविलेलें असतें. परंतु समोरची माणसें कशीं आहेत हें तेथें बैठकीस बसल्यावरच दिसतें. आणि मग घरीं ठरलेल्या गोष्टींपैकीं कोणती धरून ठेवावयाची व कोणती सोडावयाची, हें त्यास आपल्या बुद्धीनें ठरवावें लागतें. तो नुसता निरोपच पुन्हा पुन्हा सांगत बसला, तर सोयरीक मोडेल. निरोप विसरून स्वतःचेंच चालवील, तर घरचे त्यास दुसऱ्या वेळीं पाठविणार नाहींत.

ख्रिस्तसभेंतील अगदीं पहिल्या मोठ्या सभेची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायांत आहे. यहूदी नसलेल्या लोकांनीं ख्रिस्ती होतांना सुंता करून घ्यावी कीं नाहीं, असा वाद अंत्युखियांत माजला. तेथील मंडळीनें पौल, बर्णबा व आणखी कांहीं जणांस यरुशलेमास पाठविलें. तेथें प्रेषित व वडील जमले, पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, याकोब बोलला, आणि निर्णय झाला. आतां मौज अशी कीं, निर्णय पत्रांत नीट लिहिला असूनहि तें पत्र नुसतें पौल-बर्णबांच्या हातीं दिलें नाहीं. यरुशलेमच्या मंडळीनें आपल्यांतील यहूदा बर्सबा व सीला हे दोघे निवडून त्यांच्याबरोबर धाडिले, अशासाठीं कीं तीच गोष्ट त्यांनीं तोंडींहि सांगावी. अंत्युखियास पोंचल्यावर त्यांनीं सर्व मंडळी जमवून पत्र दिलें; लोकांस तें ऐकून आनंद झाला; आणि हे दोघे कांहीं काळ तेथें राहून बंधुजनांस धीर देत राहिले. सभा संपल्यावर प्रतिनिधीचें काम संपत नाहीं, याला याहून जुना दाखला मला ठाऊक नाहीं.

आतां थोडें दूर जाऊं. अमेरिकेंतील एपिस्कोपल ख्रिस्तसभा आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेहून वेगळी आहे, आणि तिच्या व आपल्या नियमांत पुष्कळ अंतर आहे. तरी तिच्या राष्ट्रीय अधिवेशनाचा एक रिवाज ध्यानांत घेण्यासारखा आहे. हें अधिवेशन १७८५ पासून भरत आलें आहे, व बहुधा दर तीन वर्षांनीं भरतें. त्यांत बिशपांचें एक सभागृह व निवडून आलेल्यांचें दुसरें. या दुसऱ्या सभागृहांत प्रत्येक धर्मप्रांताचे चारपर्यंत धर्मसेवक व चारपर्यंत प्रापंचिक असतात. त्यांस तेथें "डेलिगेट" म्हणत नाहींत, मुद्दाम "डेप्युटी" म्हणतात. कारण असें सांगतात कीं, डेलिगेट हा पाठविणाऱ्याच्या हुकुमास बांधलेला असतो. डेप्युटीनें मात्र सर्व बाजू ऐकून, प्रार्थना करून, स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीनें मत द्यावयाचें. घरून जें मत घेऊन आला तें सभेंत बदलण्याची त्यास पूर्ण मोकळीक आहे.

त्याच सभागृहाची दुसरी गोष्ट कमी गौरवाची आहे. १९४६ सालीं मिसूरी धर्मप्रांतानें एलिझाबेथ डायर नांवाच्या बाईंस निवडून पाठविलें व त्यांस जागा मिळाली. पुढें १९४९ सालीं चार स्त्रिया निवडून आल्या, तेव्हां सभागृहानें त्यांस बसूं दिलें नाहीं. स्त्रियांस तेथें हक्काची जागा मिळाली ती १९७० सालीं. रविवारीं देवळांत बांकें कोण भरतें, हें मीं आपणांस सांगावयास नको.

आतां आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबई-पुण्याच्या मिशनाचा भार जर्मन येशूसंघीयांनीं वाहिला, हें आपण जाणतांच. त्यांच्याच मायदेशांत आपल्या काळांतील एक फार मोठी राष्ट्रीय धर्मसभा भरली. तिच्याविषयीं मी अंमळ विस्तारानें बोलणार आहें, कारण निवडून गेलेल्या प्रापंचिकांस खरें मत देण्याचा अधिकार तेथें होता.

दुसरी व्हॅटिकन महासभा १९६५ सालीं संपली. त्या महासभेंत १९६३ पासून कांहीं प्रापंचिक पुरुष व १९६४ पासून कांहीं स्त्रिया श्रोते म्हणून बसत. मत मात्र त्यांस नव्हतें. महासभेचे निर्णय आपल्या देशांत कसे उतरवावे हा प्रश्न सर्वत्र उभा राहिला. १९६८ सालीं एसेन शहरीं जर्मन कॅथोलिकांचा मोठा मेळावा झाला, तेव्हां लोकांच्या, विशेषतः तरुणांच्या, मनांतील अस्वस्थता उघड झाली, आणि राष्ट्रीय सभा बोलवावी अशी मागणी पुढें आली. बिशपांनीं ती मान्य केली. त्या वेळच्या पश्चिम जर्मनीच्या सर्व धर्मप्रांतांची संयुक्त सभा व्युर्झबुर्ग शहराच्या कॅथीड्रलांत ३ जानेवारी १९७१ रोजीं सुरू झाली, आणि १९७५ च्या नोव्हेंबरांत संपली. कार्डिनल युलियस ड्यॉप्फनर हे तिचे अध्यक्ष होते.

सभेआधीं १९७० सालीं देशांतील कॅथोलिकांस सुमारें २ कोटी १० लाख प्रश्नपत्रिका वांटण्यांत आल्या. त्यांतील सुमारें ४४ लाख भरून परत आल्या. पांचांतील एकानेंच उत्तर दिलें, असें कोणी हिणवील. मला तर असें वाटतें कीं, आपल्या धर्मग्रामांत पांचांतील एकानें कागद भरून दिला, तर फादर त्या दिवशीं घंटा वाजवितील! तात्पर्य, तेथें गेलेला प्रतिनिधि रिकाम्या हातानें गेला नाहीं.

प्रत्येक धर्मप्रांतानें सात प्रतिनिधि निवडले. जर्मन कॅथोलिकांच्या मध्यवर्ती मंडळानें आणखी चाळीस निवडले. बिशप, व्रतस्थ व बोलावलेले तज्ज्ञ मिळून सभासद तीनशेंच्या आसपास झाले. त्यांत कार्ल राहनर यांच्यासारखे जगप्रसिद्ध धर्मपंडित होते, आणि ज्यांचें नांव आपल्या शहराबाहेर कोणी ऐकलें नव्हतें अशीं माणसेंहि होतीं. रोमच्या अनुमतीनें झालेल्या नियमांप्रमाणें या सर्वांचें मत सारखें मोजलें जात असे. मात्र श्रद्धेच्या किंवा कायद्याच्या कारणास्तव एखादा ठराव आपणांस मान्य करतां येणार नाहीं, असें सांगण्याचा अधिकार बिशपांनीं राखून ठेविला होता.

पांच वर्षांत आठ वेळां ही मंडळी एकत्र बसली. मधल्या काळांत मसुदे लिहावयाचे, सुधारावयाचे, पुन्हा वाचावयाचे; आणि हें सर्व ज्यानें त्यानें आपला संसार व कामधंदा संभाळून. शेवटीं अठरा ठराव झाले. शाळांतील धर्मशिक्षण कसें असावें, यावर एक ठराव होता. परदेशांतून मजुरीस आलेल्या कामगारांविषयीं ख्रिस्तसभेचें कर्तव्य काय, यावर एक होता. "आमची आशा" नांवाचा एक ठराव धर्मपंडित योहान बाप्टिस्ट मेट्स यांच्या मसुद्यावरून झाला. हिटलरच्या राज्यांत यहूदी लोकांचा छळ चालला असतां ख्रिस्ती समाजानें एकंदरीत त्यांच्याकडे पाठ फिरविली, ही कबुली त्यांत आहे. अशी कबुली एका विद्वानानें पुस्तकांत लिहिणें निराळें, आणि देशांतील सर्व धर्मप्रांतांनीं निवडलेल्या माणसांनीं मत देऊन ती स्वीकारणें निराळें. त्यांतील कित्येक सभासदांनीं तो काळ स्वतः डोळ्यांनीं पाहिला होता.

सर्वच कांहीं त्यांच्या मनासारखें झालें नाहीं. विवाहित व अनुभवी पुरुषांस याजकपद द्यावें काय, हा विषय बिशपांनीं सभेंत निर्णयास येऊं दिला नाहीं. स्त्रियांस डीकनपद देण्याचा विचार व्हावा अशी विनंति सभेनें रोमकडे पाठविली. तिला उत्तर आलें नाहीं. ज्या प्रतिनिधीनें पांच वर्षें खपून तो कागद लिहिला, त्यानें घरीं येऊन आपल्या लोकांस काय सांगितलें असेल? मला वाटतें, निवडून जाण्यांतील कठीण भाग हाच. विजयाची वार्ता आणणाऱ्याभोंवतीं गर्दी होते. "मागितलें, पण मिळालें नाहीं, कारणहि कळलें नाहीं" असें सांगावयास परत येणारा एकटा असतो, आणि तरी त्यानें यावें लागतें.

त्याच देशांत पुढें दुसरी राष्ट्रीय सभा झाली. धर्मगुरूंच्या हातून लेंकरांवर झालेल्या अत्याचारांचा अहवाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. १९४६ ते २०१४ या काळांतील ३,६७७ पीडितांची नोंद त्यांत होती. त्या लज्जेंतून व दुःखांतून बिशप आणि प्रापंचिक यांनीं मिळून विचार करण्याचें ठरविलें. ३० जानेवारी २०२० रोजीं फ्रांकफुर्ट येथें २३० सभासद जमले, आणि त्यांस मानाप्रमाणें न बसवितां नांवांच्या आद्याक्षरांप्रमाणें बसविण्यांत आलें. कार्डिनलांच्या शेजारीं एखादी विद्यार्थिनी बसावी, अशी ही रचना. त्या सभेच्या ठरावांचे गुणदोष सांगणें माझें काम नव्हे. त्यांतील कित्येकांवर रोमनें आक्षेप घेतला, हेंहि आपणांस ठाऊक असावें. मला त्यांतील एकच दिवस आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

तेथें ठराव मंजूर होण्यास सर्व सभासदांची दोन तृतीयांश मतें लागत, आणि शिवाय बिशपांचीहि निराळी दोन तृतीयांश लागत. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं एका मूलभूत मसुद्यावर गुप्त मतदान झालें. एकंदर सभेंत पांचांतील चारांहून अधिक मतें अनुकूल पडलीं. बिशपांत ३३ अनुकूल, २१ प्रतिकूल, ३ तटस्थ. दोन तृतीयांश झालीं नाहींत, मसुदा पडला. सभागृहांत अश्रु आले, संताप झाला. नाहीं म्हणणाऱ्यांनीं नाहीं म्हटलें याविषयींचीच ती तक्रार नव्हती; त्यांतील अनेक जण चर्चेच्या वेळीं गप्प बसले होते, याविषयीं होती. ती तक्रार मला न्याय्य वाटते, मग मसुद्याविषयीं आपलें मत कांहींहि असो. ज्यास मान्य नाहीं त्यानें उठून तसें सांगितलें पाहिजे. समोरच्यास उत्तर देण्याची संधि दिली पाहिजे. हें बिशपांस लागू आहे तसें तुम्हांआम्हांसहि आहे. आपल्या धर्मग्रामाच्या सभेंत मुकाट बसून मग देवळाच्या पडवींत मोठ्यानें बोलणारे कोण, हें मी या महोत्सवांत विचारीत नाहीं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, जर्मनांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आम्हांस तेथें मत कोठें आहे? प्रश्न बरोबर आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें राष्ट्रीय धर्मसभेंत निर्णायक मत बिशपांचें असतें. धर्मगुरु व प्रापंचिक यांस बोलावतां येतें, परंतु त्यांचें मत सल्ल्याचें. धर्मप्रांताच्या सभेंत कायदा करणारे एकटे बिशप. धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाचेंहि मत सल्ल्याचेंच. त्याच संहितेंत असेंहि आहे कीं, ख्रिस्तसभेच्या हिताविषयींचें आपलें मत पाळकांस कळविणें हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि प्रसंगीं कर्तव्यहि आहे. रोममध्यें ऑक्टोबर २०२३ च्या बिशपांच्या सिनडमध्यें प्रापंचिक स्त्रीपुरुषांस प्रथमच मत मिळालें, पोप फ्रान्सिस यांनीं तें दिलें. तरी आपल्या धर्मप्रांताच्या सभेस जाणाऱ्या दोघांस तें मिळणार नाहीं. तेव्हां सल्ल्याचें मत म्हणजे कोरडा मान काय?

एक उदाहरण घेऊं. समजा, धर्मप्रांताच्या सभेपुढें प्रस्ताव आला कीं, ज्या शाळांत दिवाळीनंतर हजेरी निम्मी होते, तेथील वर्ग बंद करून मुलांस मोठ्या गांवच्या शाळेंत घालावें. आंकडे खरे असतील. पुण्यामुंबईकडील सुशिक्षित सभासद ते वाचून मान डोलवील, आणि त्याचा त्यांत कांहीं दोष नाहीं. परंतु दिवाळीनंतर तीं मुलें कोठें जातात? आईबापांबरोबर ऊसतोडीस जातात. कारखान्याच्या पट्ट्यांत कोपीवर राहतात, पांचसहा महिन्यांनीं परततात, आणि धाकट्या भावंडांस संभाळावयास ज्या मुलीस वर्षभर शाळा सोडावी लागली, ती मोठ्या गांवच्या शाळेंत कधींच जात नाहीं. हजेरीच्या तक्त्यांत हें लिहिलेलें नसतें. हें उठून सांगणारा एक मनुष्य त्या सभेंत पाहिजे. त्याच्या सांगण्यानें प्रस्ताव पडेलच असें मी म्हणत नाहीं. कदाचित् वर्ग बंदच होईल. परंतु वर्ग बंद करणाऱ्यांनीं त्या मुलीविषयीं ऐकून मग तो बंद करावा; आणि ऐकल्यावर कोणी वसतिगृहाची गोष्ट काढील, कोणी हंगामी वर्गाची काढील. सल्ल्याच्या मताची किंमत अशी असते. ती बोलणाऱ्याच्या माहितीवर अवलंबून आहे, त्याच्या वक्तृत्वावर नाहीं.

आपल्या देशांतहि हें पूर्वीं झालें आहे. महासभेनंतर "भारतांतील आजची ख्रिस्तसभा" या विषयावर १९६९ च्या मे महिन्यांत बंगलोर येथें धर्माराम कॉलेजांत अखिल भारतीय परिषद भरली. बिशप, धर्मगुरु, व्रतस्थ व प्रापंचिक एकत्र बसले. तत्पूर्वीं ठिकठिकाणीं धर्मप्रांतांच्या व प्रदेशांच्या सभा झाल्या होत्या. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें आरती, समई, हात जोडून वंदन, जमिनीवर बसणें इत्यादि बारा गोष्टी मिस्सेंत घेण्यास रोमनें मान्यता दिली होती. आज आपल्या देवळांत समई लागते तेव्हां कोणास आश्चर्य वाटत नाहीं. पण तेव्हां त्यावर घरोघर वाद झाले. ज्या सभेस आपल्या आईबापांच्या पिढींतील माणसें गेलीं, तिची कथा सांगणारे आतां थोडे उरले. त्यांनीं परत येऊन जें सांगितलें तें आपण लिहून ठेविलें असतें, तर आजच्या स्मरणिकेस तें एक मोठें प्रकरण झालें असतें.

म्हणून माझी विनंति दोन्ही बाजूंस आहे. जाणाऱ्यांस इतकेंच कीं, जाण्यापूर्वीं वाडीवस्तीवर फिरावें, मिस्सेस न येणाऱ्यांच्याहि घरीं जावें, आणि एक वही जवळ ठेवावी. सभेंत पहिल्या दिवशीं बोलण्याची घाई करूं नये. ज्याचें म्हणणें पटत नाहीं त्याच्याशेजारीं जेवावयास बसावें. पुष्कळ गांठी ताटावर सुटतात. मत बदललें तर बदलूं द्यावें, मात्र कां बदललें तें वहींत लिहावें, कारण घरीं कोणीतरी विचारणारच.

आणि पाठविणाऱ्यांस: गोड बोलतो म्हणून, देणगी मोठी देतो म्हणून, किंवा पंचायतीच्या निवडणुकींत पडला त्याचें समाधान व्हावें म्हणून कोणास पाठवूं नका. दोघांपैकीं एक तरी बाई असावी, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि ती बाई शिक्षिका किंवा परिचारिकाच असली पाहिजे असें नाहीं. ऊसतोडीस जाऊन आलेली, घरीं रोज संध्याकाळीं माळेची प्रार्थना चालविणारी बहीण आपल्यांत आहे. तिला सभेंतील भाषा अवघड जाईल म्हणाल, तर जोडीचा प्रतिनिधि समजावून सांगेल. तिच्या रोजगाराचे चार दिवस बुडतील, ते आपण भरून द्यावे. तें महोत्सवाच्या जमाखर्चांतून सहज निघेल. मांडवाचा खर्च मीं पाहिला आहे.

परत आल्यावर त्या दोघांस एका रविवारची संध्याकाळ द्यावी. पांच मिनिटांची सूचना नव्हे, पुरती संध्याकाळ. आणि त्या वेळीं प्रश्न विचारावे.

चिठ्ठ्यांची पेटी देवळाच्या पडवींत उजव्या हातास ठेविली आहे. चिठ्ठीवर दोन नांवें लिहावीं, आणि नांवांखालीं आपल्या घरचा कोणता प्रश्न त्यांनीं तेथें न्यावा, तो एका ओळींत लिहावा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांस धर्मभगिनी लिहून देतील. पेटी येत्या रविवारच्या दुसऱ्या मिस्सेपर्यंत तेथें राहील.